दर पावसाळ्यानंतर स्विमिंग पूलकडेची आणि अंगणातली दगडी फरशी का बिघडते? निदान, दुरुस्ती आणि दगडाची निवड

तक्रार ठरलेली असते. मे महिन्यात दगड घासून, धुऊन, वर सीलर (पाणी अडवणारे द्रावण) मारून नवा दिसेल असा केलेला असतो. गणेश चवथीला पाहुणे येईपर्यंत त्यावर शेवाळ चढते. दिवाळीच्या सुमारास पाऊस ओसरून कडक ऊन पडले की सांध्यांतून पांढरी भुकटी वर येते. मग पुन्हा ॲसिड, पुन्हा प्रेशर वॉशर, पुन्हा सीलर. दोन-तीन वर्षांत दगडाचे पापुद्रे सुटू लागतात आणि "दगडच खराब निघाला" असा निकाल लागतो.

बहुतेक वेळा दगड खराब नसतो. तो त्याला न मानवणाऱ्या जागी बसवलेला असतो आणि त्याच्याखाली साठलेल्या पाण्याला बाहेर जायला वाट नसते. गोव्याच्या किनारपट्टीवर वर्षाला साधारण ३,००० मिमी पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एवढे पाणी सांध्यांतून खाली उतरणारच. कोणताही सीलर किंवा सांध्यांत भरलेला ग्राउट ते पूर्ण अडवत नाही. म्हणून डागाच्या मागे लागण्याआधी पाणी कुठून येते आणि कुठे थांबते, एवढे शोधा.

पांढरा थर: मीठ की चुना?

दोन्ही दिसायला सारखे, पण उपाय वेगळे. चाकूने थोडी भुकटी खरवडून काचेच्या बशीत घ्या आणि त्यावर साधे पाणी टाका. पूर्ण विरघळली तर मीठ. विरघळली नाही, पण बाथरूम साफ करायच्या ॲसिडचा थेंब टाकल्यावर फसफसली, तर चुना. ही चाचणी बशीतच करा, दगडावर नको. कोटा, शहाबाद, तांदूर, कडप्पा हे सगळे चुनखडक आहेत. ॲसिड पडले की तेही फसफसतात आणि तिथे कायमचा फिका डाग राहतो.

चुना येतो तो सिमेंटमधून. सिमेंट घट्ट होताना कॅल्शियम हायड्रॉक्साइड सुटते, ते पाण्यात विरघळून वर येते आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन कॅल्शियम कार्बोनेटचा थर बसतो. नव्या कामात पहिल्या एक-दोन उन्हाळ्यांत असे थोडेफार होते आणि हळूहळू कमी होत जाते. तिसऱ्या वर्षीही तितकेच येत असेल, तर दगडाखालच्या सिमेंट-वाळूच्या मसाल्यात पाणी मुरून बसले आहे, हे नक्की समजा.

मिठाचे मूळ शोधायला जागा बघावी. पूलच्या काठाने हात-दीड हाताचा पट्टाच पांढरा होत असेल तर पूलचे पाणी जबाबदार. सॉल्ट क्लोरिनेटरच्या (मिठापासून क्लोरिन बनवणाऱ्या यंत्राच्या) पूलमध्ये साधारण ३,००० ते ४,००० पीपीएम मीठ असते. माणसे ओल्या अंगाने बाहेर येतात, पाणी सुकते, मीठ दगडात राहते. भिंतीच्या किंवा झाडांच्या वाफ्याच्या कडेने पांढरे होत असेल तर मातीतली ओल. संपूर्ण डेकवर (पूलभोवतीच्या फरशीवर) सारखे मीठ येत असेल तर मसालाच खारट आहे: खाडीकाठच्या विहिरीचे मचूळ पाणी किंवा न धुतलेली वाळू. वाळूची शंका असेल तर मूठभर वाळू डिस्टिल्ड पाण्यात हलवून निवळू द्या आणि वरच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचे दोन-चार थेंब टाका. दुधासारखे पांढरे झाले तर ती वाळू नको. नळाचे पाणी वापरलेत तर चाचणी फसते, कारण त्यात क्लोराइड आधीपासून असतेच.

पाणी खालून येते का, हे बघायला दीड फूट बाय दीड फूट जाड प्लॅस्टिक कोरड्या दगडावर चारही बाजूंनी टेपने चिकटवा. जागा सावलीतली निवडा. १६ ते २४ तासांनी उचला. प्लॅस्टिकच्या खालच्या बाजूला थेंब जमले असतील किंवा तेवढाच दगड गडद झाला असेल, तर ओल खालची आहे.

पूल गळतोय का, हे बादलीने कळते. बादली पूलच्या पायरीवर ठेवून त्यात पूलचेच पाणी भरा, बादलीच्या आत आणि बाहेर पाण्याच्या पातळीला खुणा करा. पंप आणि पाणी भरणारा व्हॉल्व्ह बंद ठेवा. २४ तासांत बाष्पीभवन दोन्हीकडे सारखेच होते; पूलची पातळी बादलीपेक्षा ५-६ मिमी जास्त उतरली असेल तर गळती आहे. ती बंद केल्याशिवाय दगडावर खर्च करू नका.

साफ करण्याची रीत: मीठ असेल तर आधी कोरड्या ब्रशने झाडून व्हॅक्यूमने उचला. लगेच पाण्याने धुतलेत तर मीठ विरघळून परत आत शिरते आणि पुढच्या उन्हात पुन्हा वर येते. "धुतले की दोन दिवसांत परत" ही तक्रार इथूनच जन्मते. चुना असेल आणि दगड ग्रॅनाइट किंवा क्वार्टझाइट असेल, तर दगड पाण्याने पूर्ण भिजवून, सल्फॅमिक ॲसिडचे ५ टक्के द्रावण (एक लिटरमध्ये ५० ग्रॅम) लावून पाच मिनिटांत घासून भरपूर पाण्याने धुवा. आधी कोपऱ्यातल्या एका लादीवर करून दोन दिवस वाट बघा; काही ग्रॅनाइटमध्ये लोह असते आणि ॲसिडने ते पिवळे पडतात. चुनखडकावर ॲसिड अजिबात नाही. तिथे नायलॉन ब्रश आणि ४०० ग्रिटचा पॅड, हात दुखेपर्यंत.

काळे आणि निसरडे

शेवाळाला ओल, सावली आणि थोडे अन्न पुरते. गोव्यात तिन्ही आयते मिळते. माडाच्या झावळ्यांची, आंब्याच्या पानांची आणि काजूच्या बोंडांची घाण त्यात भर घालते. जुन्या घराच्या राजांगणात (आतल्या उघड्या चौकात) ऊन जेमतेम दुपारचे दोन तास पोचते, तिथे कोणताही दगड घातला तरी शेवाळ येणार. तिथे प्रश्न फक्त पृष्ठभाग किती खरखरीत आणि उतार किती, एवढाच.

चवथीच्या आधी अंगणात ब्लीचिंग पावडर फेकून झाडून काढायची पद्धत घरोघरी आहे. शेवाळ मरते खरे, पण पावडरीतला चुना सांध्यांत बसतो आणि नोव्हेंबरमध्ये पांढरे दिसले की दोष दगडाला जातो. त्याऐवजी द्रव ब्लीच, म्हणजे ४-५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट, एका भागाला चार भाग पाणी मिसळून वापरा. आधी दगड भिजवा, द्रावण लावा, १५-२० मिनिटे सुकू देऊ नका, मग ब्रशने घासून धुवा. जवळची झाडे प्लॅस्टिकने झाका. ब्लीच आणि ॲसिड एकत्र किंवा एकामागोमाग कधीही वापरू नका, विषारी क्लोरिन वायू सुटतो. दोन्ही करायचेच असेल तर मध्ये दिवसभराचे अंतर आणि भरपूर धुणे हवे.

चिरा (जांभा दगड) आणि वालुकाश्म या सच्छिद्र दगडांवर मात्र हायपोक्लोराइट वर्षानुवर्षे वापरू नये. त्यातून शेवटी मीठच उरते आणि ते आत साठत जाते. या दगडांना बेन्झाल्कोनियम क्लोराइडचे शेवाळनाशक बरे: बाटलीवरच्या प्रमाणात मारायचे आणि धुवायचे नाही. त्यासाठी दोन कोरडे दिवस लागतात. म्हणून मेच्या तिसऱ्या आठवड्यात एक हात द्या आणि सप्टेंबरअखेर उघडीप मिळेल तेव्हा दुसरा.

प्रेशर वॉशर वापरायचाच तर पंख्यासारखी फवारणारा नॉझल, दगडापासून किमान ३० सेंमी, दाब १०० बारच्या आत. टोकदार धार सांध्यातला ग्राउट उडवते, थरांच्या दगडाचे पापुद्रे उचलते आणि पृष्ठभाग आणखी सच्छिद्र करते. पुढच्या वर्षी शेवाळ लवकर धरते ते याचमुळे.

स्वच्छ केल्यावरही पाय सरकत असेल तर दोष फिनिशचा आहे. पॉलिश केलेला कोणताही दगड उघड्यावर चालत नाही, मग तो कितीही महागाचा असो. "अँटी-स्किड" रसायने ॲसिडवर चालतात. ग्रॅनाइटवर थोडा काळ उपयोग होतो, चुनखडक नुसता खाल्ला जातो. पॉलिश ग्रॅनाइट आधीच बसवला असेल तर जागेवर बुश हॅमर मशीन (पृष्ठभाग टोचून खरखरीत करणारे) मारून घेणे हा टिकाऊ उपाय. त्याला लादीची जाडी किमान २० मिमी हवी आणि खाली पोकळी नको, नाहीतर लादी तडकते.

पापुद्रे सुटणे

कोटा आणि शहाबाद थराथरांनी बनलेले आहेत, खाणीत ते थरावरच फोडले जातात. मीठ पृष्ठभागावर सुकले तर भुकटी दिसते, पण पृष्ठभागाच्या किंचित खाली सुकले तर स्फटिक वाढताना वरचा थर ढकलून उचलतात. म्हणूनच पूलच्या काठावरची कोपिंग (कडेची लाद्यांची ओळ) आधी सोलते आणि चार फुटांवरचा तोच दगड धड राहतो.

इथे सर्वात महागात पडणारी चूक म्हणजे सोलणाऱ्या दगडावर सीलर मारणे. आत मीठ आणि ओल असताना वरचे तोंड बंद केले की स्फटिक सीलरच्या मागे वाढतात आणि सोलणे वेगाने होते. चकाकी देणारा ॲक्रिलिक सीलर तर पावसाळ्यात स्वतःच दुधी पडून सालपटासारखा निघतो. तो बाहेरच्या दगडाला नकोच. सीलर हवा असेल तर आत मुरणारा सिलेन-सिलोक्सेनचा, तोही दगड पूर्ण कोरडा झाल्यावर, म्हणजे डिसेंबर ते मार्चमध्ये. त्याने दगड पाणी कमी पितो आणि वाफ बाहेर सोडतो. सुटलेल्या पापुद्र्याला मात्र औषध नाही. ती लादी बदलायची.

तांबूस डाग आणि पोकळ आवाज

हे दोन पटकन. तांबूस डाग बहुधा बाहेरून येतात: बोअरच्या लोहयुक्त पाण्याचे स्प्रिंकलर, वाफ्यातली जांभ्याची खडी, लोखंडी खुर्चीचे पाय. ग्रॅनाइट आणि वालुकाश्मावर ऑक्झॅलिक ॲसिडचे ५ टक्के द्रावण चालते. चुनखडकावर ॲसिड नसलेला रस्ट रिमूव्हर घ्या, गंजाला लागल्यावर जांभळा होतो तो. दगडाच्या पोटातूनच ठिपके येत असतील तर दगडात लोहाची खनिजे आहेत, ते थांबत नाहीत.

लादीवर लाकडी मूठ ठोकून बघा. डबडब आवाज येतो तिथे खाली पोकळी आहे आणि पावसाळाभर तिथे पाणी साठते. कारणे तीन: चार कोपऱ्यांना मसाल्याचे गोळे ठेवून लादी टेकवणे, लादीच्या पाठीवरची कापणीची भुकटी न धुणे, आणि प्रसरण सांधे न ठेवणे. इकडेतिकडे एखादी लादी पोकळ असेल तर तेवढीच बदला. चौथ्या हिश्श्याहून जास्त लाद्या वाजत असतील तर डाग काढण्यात पैसे घालू नका, उखडा.

नवा दगड निवडताना

नावावर जाऊ नका, नमुना घेऊन तपासा. १५ × १५ सेंमी, २० मिमी जाडीचा तुकडा दोन दिवस कडक उन्हात वाळवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, २४ तास पाण्यात ठेवा, फडक्याने टिपून पुन्हा तोला. असा ग्रॅनाइटचा तुकडा साधारण १,२०० ग्रॅम भरतो. वजन १२ ग्रॅमने वाढले तर शोषण १ टक्का. चांगला ग्रॅनाइट अर्ध्या टक्क्याच्या आत राहतो. पूलच्या काठाला ३ टक्क्यांच्या वर गेलेला दगड घालू नये, आणि ६ टक्क्यांच्या वरचा असेल तर उघड्या अंगणातही विचार करून.

दुसरा तुकडा मिठाच्या पाण्यात घाला: लिटरला १०० ग्रॅम मीठ, दोन तास भिजवणे, मग उन्हात पूर्ण वाळवणे, असे १५ वेळा. कडा भुरभुरल्या किंवा पापुद्रा उचलला तर तो दगड सॉल्ट पूलला बाद. तिसरा तुकडा दुपारी दोनला उन्हात ठेवून त्यावर अनवाणी उभे राहा. पाच सेकंद उभे राहवत नसेल तर एप्रिलमध्ये मुले त्यावरून पळणार, आणि पूलकडेला पळणे हाच धोका. मोठा पुरवठादार असेल तर ओल्या पृष्ठभागाचा पेंड्युलम चाचणीचा (पाय किती घसरतो ते मोजणाऱ्या) आकडा मागा. तो ३६ किंवा अधिक हवा.

पूलच्या काठाला आमची पहिली पसंती करड्या रंगाचा फ्लेम्ड ग्रॅनाइट. आगीच्या झोताने त्यातले क्वार्ट्झ एकदम प्रसरण पावते, वरचे कण उडतात आणि पकड येते. त्यावरून ब्रश फिरवलेला असेल तर अनवाणी पायाला टोचतही नाही. चुनखडकाला ही प्रक्रिया मानवत नाही. कोणी "फ्लेम्ड कोटा" म्हणाला तर नमुना नीट बघा. क्वार्टझाइटही उत्तम, फक्त जाडी सारखी नसते, मजुरी वाढते.

कोटा स्वस्त आणि टिकाऊ आहे, पण पडवी, सोपा, छपराखालचा पॅटिओ इथे. पॉलिश नको, लेदर किंवा नैसर्गिक फिनिश घ्या. शहाबादी फरशी अंगणात पिढ्यानपिढ्या चालली आहे ती जाड होती आणि सांधे रुंद होते म्हणून. आजची पातळ फरशी घट्ट सांध्यांनी बसवून तीच अपेक्षा ठेवू नये. कडप्पा ओट्याला आणि फळ्यांना ठीक, उघड्यावर काळेपणा उडून राखाडी होतो आणि उन्हात भाजतो. धोलपूर, मंडाना यांसारखे वालुकाश्म पायाला छान, पकडही चांगली, पण पाणी पितात; सावलीत हमखास काळे पडतात. मार्बल आणि ट्रॅव्हर्टाइन पूलच्या पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ मध्ये न ठेवणाऱ्याने घेऊच नयेत.

आणि चिरा. गोव्यात घर म्हटले की चिरा हवाच असतो, आणि भिंत, पायवाट, तुळशीवृंदावनाचा चौथरा यांत तो शोभतोही. खाणीतून काढल्यावर तो हवेत कणखर होतो. पण तो छिद्रांचा दगड आहे. पूलच्या काठाला घातला तर लाल पाणी पूलमध्ये, शेवाळ छिद्रांत आणि ओरखडे गुडघ्यांना. पायवाटेला घालायचा तर किमान ५० मिमी जाडीचा, वाळूच्या थरावर, उघड्या सांध्यांनी.

उखडून बसवायचे ठरले तर

काम नोव्हेंबरच्या मध्यापासून सुरू करा. दगड काढल्यावर खालच्या काँक्रीटवर बादलीभर पाणी ओतून बघा. बहुतेक ठिकाणी उतार फक्त दगडाला दिलेला असतो, काँक्रीट सपाट असते. वरचे पाणी वाहून जाते, सांध्यांतून उतरलेले खाली तळे करून बसते. उतार काँक्रीटलाच हवा: मीटरला १२ ते १५ मिमी, पूलपासून दूर, जाळीच्या गटाराकडे. त्या गटाराच्या भिंतीला काँक्रीटच्या पातळीवरही भोके हवीत, नाहीतर खालचे पाणी तिथेच अडते. उतारावर पॉलिमर-सिमेंटचे वॉटरप्रूफिंग दोन हात, भिंतीला १५० मिमी वर चढवून.

मसाला १:४ (सिमेंट:वाळू), अर्धओला, ४० मिमी, लादीखाली पूर्ण भरलेला. सिमेंट पीपीसी (पोर्टलँड पॉझोलाना) घ्या, त्यात मोकळा चुना कमी उरतो. वाळू धुतलेली, पाणी गोडे. ४० चौ.मी. डेकला साधारण १२ ते १३ पोती सिमेंट, ६० घनफूट वाळू आणि कापणीची तूट धरून ४४ चौ.मी. दगड लागतो. लादीची पाठ ब्रशने धुऊन, तिला सिमेंटची स्लरी फासून मगच ठेवा. जाडी काँक्रीटवर २० ते २५ मिमी, कोपिंगला ३० ते ४० मिमी आणि पुढची कड गोल.

"सांधा दिसता कामा नये" हा आग्रह घरमालकाचाही असतो आणि गवंड्याचाही. उघड्यावर तो सोडा. सांधा ५ ते ८ मिमी ठेवा. शिवाय दर ३ मीटरवर दोन्ही दिशांना प्रसरण सांधा, आणि कोपिंग व डेक यांच्यामध्ये १२ मिमीचा सलग सांधा, जो दगडापुरता न थांबता मसाल्यातूनही खालपर्यंत जातो. त्यात १५ मिमीचा फोमचा रॉड दाबून वर ६ मिमी पॉलियुरेथेन सीलंट भरायचा. पूलची भिंत आणि बाजूची भरावाची जमीन वेगवेगळ्या हलतात. हा सांधा सिमेंटने भरला की पहिल्याच पावसाळ्यात चीर पडते आणि ती चीर पाण्याचा मुख्य दरवाजा होते.

तराईसाठी (मसाला पक्का होईपर्यंत ओला ठेवण्यासाठी) डेकवर पाणी तुंबवून ठेवू नका. सगळा चुना वर ओढला जातो. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ हलका शिडकावा पुरे. ओल्या दगडावर लगेच प्लॅस्टिकही अंथरू नका, त्याच्या घड्यांचे डाग उमटतात. सीलर चार आठवड्यांनी, वरची प्लॅस्टिकची चाचणी कोरडी निघाल्यावरच.

दगड घेताना बिलावर दगडाचे नाव, फिनिश, जाडी आणि तिची सूट (±२ मिमी) लिहून घ्या, आणि तपासलेल्या नमुन्याचा अर्धा तुकडा दुकानदाराची सही घेऊन स्वतःकडे ठेवा. माल उतरवताना प्रत्येक गाडीतल्या पाच-सहा लाद्या ओल्या करून त्या तुकड्याशेजारी ठेवायच्या. कोरड्या दगडात खाणीतला फरक दिसत नाही. त्याच लॉटच्या लाद्यांपैकी ५ टक्के जास्तीच्या घेऊन उघड्यावर, पावसात ठेवा. शेडमध्ये ठेवलेली लादी चार वर्षांनी बसवली की ठिगळ उठून दिसते.